पाऊस घडवणारं रान

सोमवार, मनाउस

ब्राझीलच्या अमेझॉन खोऱ्यातल्या मनाउस शहरात, जुन्या बंदरात एक भिंत आहे. तिच्यावर एकेक साल रंगवलेलं आहे आणि त्या साली नदी जिथवर चढली तिथे रेघ. सगळ्यात वरची रेघ २०२१ ची, ३०.०२ मीटरवर. रिओ नेग्रो नदीची पातळी इथे १९०२ पासून नोंदली जाते आणि तेव्हापासून पाणी इतकं वर कधीच आलं नव्हतं. नीचांक या भिंतीवर नाहीत, ते विचारावे लागतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नदी १२.७० मीटरपर्यंत उतरली. तोवरचा तो सगळ्यात खालचा आकडा होता. पुढच्याच ऑक्टोबरमध्ये ती १२.११ वर गेली. चार वर्षांच्या आत एकाच नदीने आपला उच्चांकही मोडला आणि नीचांकही. नंतरच्या दिवसांत जे काही पाहिलं ते हे आकडे डोक्यात ठेवूनच पाहिलं.

दर वर्षी दहा-बारा मीटर चढायचं आणि तेवढंच उतरायचं, हा या नदीचा नेमच आहे. म्हणून बंदराचा धक्का तरंगता आहे, किनाऱ्यावरची घरं उंच खांबांवर आहेत, काही तर ओंडक्यांच्या तराफ्यांवर बांधलेली आहेत. मे महिना सरत आला होता, त्यामुळे नदी भरलेली होती. दुपारी लहान मोटरबोटीने संगमाकडे निघालो. सोबत माझी मैत्रीण होती. ती पक्ष्यांवर काम करते आणि पुढचं सगळं नियोजन तिचंच होतं.

रिओ नेग्रोचं पाणी काळ्या चहासारखं दिसतं. उत्तरेकडच्या वाळवट, निःसत्त्व जमिनींवरच्या रानातून ते कुजलेल्या पानांचा अर्क घेऊन येतं. त्यात गाळ जवळजवळ नाही आणि आम्लता इतकी, की या नदीकाठी डासही कमी. पलीकडून येणारी सोलिमोइस, म्हणजे ब्राझीलमधलं वरच्या अमेझॉनचंच नाव, अँडीज पर्वतातली माती घेऊन येते, तिचा रंग पिवळट तांबूस. दोघींचा वेग, तापमान, घनता सगळंच वेगळं, म्हणून सुमारे सहा किलोमीटर त्या एकाच पात्रात शेजारी शेजारी वाहतात. रेषेवरून बोट पुढे गेली आणि पाण्यात धरलेल्या हाताला उबेचा फरक लगेच कळला. इथून पुढे ब्राझीलमध्येही तिला अमेझॉनच म्हणतात. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढं पाणी टाकतात, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या हिचा.

परतताना नावाड्याने लाजेस नावाच्या खडकाळ काठाजवळ बोट हळू केली. "इथे खाली चेहरे आहेत," तो म्हणाला. खडकात कोरलेले माणसांचे चेहरे. ते एरवी पाण्याखालीच असतात, २०१० च्या दुष्काळात दिसले होते आणि २०२३ मध्ये पुन्हा उघडे पडले. त्याने ते पाहिले होते. चेहऱ्यांच्या जवळ दगडावर लांबट खाचा आहेत, हत्यारांना धार लावताना पडलेल्या. "इतकी माणसं बघायला आली," तो म्हणाला, "पण आमच्या घरी तेव्हा प्यायला पाणी नव्हतं. बोट चिखलात रुतली होती आणि मासा बाजारात न्यायला वाट नव्हती." त्याच साली तेफे सरोवराचं पाणी ३९ अंश सेल्सियसच्या पुढे तापलं आणि काही आठवड्यांत दोनशेहून अधिक डॉल्फिन मेले. जगातल्या सगळ्यात मोठ्या नदीच्या खोऱ्यात तहान लागते, हे त्याच्याकडून ऐकेपर्यंत माझ्यासाठी ती फक्त बातमी होती.

मंगळवार, डुके राखीव जंगल

मनाउस शहर जिथे संपतं तिथून हे जंगल लगेच सुरू होतं. दहा किलोमीटर लांब, दहा किलोमीटर रुंद असा हा चौकोन १९६३ मध्ये राखला गेला, आणि वनस्पतींचे अभ्यासक अडोल्फो डुके यांचं नाव त्याला दिलं. तेव्हा शहर बरंच लांब होतं, आज घरांच्या भिंती कुंपणाला टेकल्या आहेत. या एवढ्या तुकड्यात वनस्पतींच्या दोन हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

जंगलात ४२ मीटर उंच पोलादी मनोरा आहे. उजाडण्याआधी आम्ही चढायला लागलो. वर्षावन जमिनीवरून कळत नाही, हे त्या जिन्यावर पटलं. तळाशी अंधार. वरच्या उजेडाचा शंभरातला एखादा भाग खाली पोचतो, त्यामुळे तिथली रोपं वर्षानुवर्षं गुडघ्याएवढीच राहतात आणि एखादं मोठं झाड कोसळून छताला भोक पडण्याची वाट बघतात. जिना चढत जावा तसा उजेड वाढतो, हवा कोरडी होते, पानं लहान आणि जाड होतात. मधल्या मजल्यांवर फांद्यांच्या बेचक्यांत झाडांवरची झाडं: ऑर्किड, शेवाळं, नेचे आणि ब्रोमेलियाड. ही झाडं आधार फांदीचा घेतात, पण अन्न आणि पाणी हवेतून आणि पावसातून मिळवतात. ब्रोमेलियाडच्या पानांच्या घट्ट वाटोळ्यात पाणी साठतं, त्या पाण्यात डासांच्या अळ्या, त्यांना खाणारे इतर कीटक आणि काही जातींच्या बेडकांची पिल्लं वाढतात. जमिनीपासून तीस मीटर उंचीवर तळी असू शकतात, हे पुस्तकात वाचलेलं होतं. त्यातल्या एकात वाकून बघताना मात्र बराच वेळ मला पुढची पायरी चढावीशी वाटली नाही.

माथ्यावर पोचलो तेव्हा पूर्वेला फिकट उजेड होता आणि चहूकडे झाडांचे शेंडे. त्यांच्यातून पांढरी वाफ वर येत होती. आधी दऱ्यांमधून, मग ऊन लागलं तशी सगळीकडून. मला या प्रवासात जे पाहायचं होतं ते हेच.

अमेझॉनला जगाची फुफ्फुसं म्हणायची पद्धत आहे. मला ती नेहमीच खटकते, कारण ती या रानाचं खरं मोठेपण झाकते. दिवसभर झाडं जो प्राणवायू सोडतात तो झाडांच्याच श्वसनात आणि पालापाचोळा कुजवणाऱ्या जीवांच्या श्वसनात जवळजवळ सगळा संपतो, शिल्लक नगण्य. या रानाचं जगाला देणं आहे पाण्याचं. अटलांटिक महासागरावरून वारे बाष्प घेऊन येतात, ते किनाऱ्याजवळ पाऊस होऊन पडतं. मोकळी जमीन असती तर त्यातलं बरंचसं वाहून समुद्रात परत गेलं असतं. इथे झाडं खोल मुळांनी ते उचलतात आणि पानांतून हवेत सोडतात. एकेक मोठं झाड दिवसाला शेकडो लिटर पाणी वर चढवतं. वारा ते पश्चिमेला नेतो, पुन्हा पाऊस, पुन्हा वाफ. एनेआस सालाती या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात पावसातल्या ऑक्सिजनची समस्थानिकं, म्हणजे त्याच्या अणूंचे हलके-जड प्रकार, मोजून हे दाखवून दिलं. तोवर हवामान जंगल घडवतं एवढंच शिकवलं जायचं. त्याच्या कामामुळे उलटी बाजू सिद्ध झाली. पुढच्या अंदाजांप्रमाणे इथल्या पावसाचा एक चतुर्थांश ते निम्मा भाग जंगलाने स्वतःच परत हवेत सोडलेल्या पाण्याचा असतो.

झाडं फक्त वाफ सोडून थांबत नाहीत. ढगातला थेंब जमायला सूक्ष्म कण लागतात. पानांतून निघणारी सुगंधी रसायनं हवेत बदलत जाऊन असे कण होतात, बुरशीचे बीजाणू आणि क्षारांचे कणही त्यात भर घालतात. हे सगळं मोजण्यासाठी मनाउसपासून सुमारे १५० किलोमीटरवर, उआतुमांच्या रानात, ब्राझील आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी ३२५ मीटर उंच मनोरा उभारला आहे. आम्ही तिथे जाऊ शकलो नाही. पण त्याच हवेचा वास आमच्या ४२ मीटरवरही येत होता, ओल्या सालीचा आणि राळेचा.

बाष्पाचे हे प्रवाह शेवटी अँडीजच्या भिंतीला अडतात, दक्षिणेला वळतात आणि ब्राझीलच्या दक्षिण भागात, पॅराग्वेत, उत्तर अर्जेंटिनात पाऊस पाडतात. शास्त्रज्ञ त्यांना 'उडत्या नद्या' म्हणतात. सोयाबीनची अफाट शेतं, साओ पावलोचे जलाशय, पाराना नदीवरची धरणं या सगळ्यांचा वाटा या वाफेत आहे. दक्षिणेतल्या सोयाबीनसाठी उत्तरेतलं रान तोडणारा स्वतःच्याच शेतावरचा पाऊस तोडत असतो. साडेनऊच्या सुमारास पहिले ढग फुगायला लागले, आणि दुपारी दोनला आम्ही खाली पावसात उभे होतो.

बुधवार, बीआर-१७४ आणि तुटलेलं रान

उत्तरेला व्हेनेझुएलाच्या दिशेने जाणारा हा रस्ता १९७० च्या दशकात लष्करी राजवटीने काढला, वाइमिरी-आत्रोआरी लोकांच्या भूमीतून. हिंसा आणि साथीचे रोग यांनी ते लोक १९८० च्या दशकात चारशेच्या आसपास उरले होते. नंतर त्यांनी स्वतःला सावरलं आणि आज ते दोन हजारांच्या पुढे आहेत. त्यांच्या हद्दीत हा महामार्ग रात्री बंद असतो, म्हणजे रात्री फिरणाऱ्या प्राण्यांना रस्ता मोकळा. याच लोकांची जमीन बाल्बिना धरणानेही बुडवली: सुमारे २,३६० चौरस किलोमीटर रानावर पाणी, आणि वीज फक्त २५० मेगावॉट. जंगल वाचवण्याच्या सगळ्या चर्चेत हे धरण मला सगळ्यात आधी आठवतं. 'स्वच्छ ऊर्जा' या नावाखाली किती मोठी चूक खपते, हे त्यात दिसतं.

आम्हाला मात्र तेवढ्या लांब जायचं नव्हतं. मनाउसच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर जंगलाच्या तुकड्यांचा तो प्रसिद्ध प्रयोग आहे. १९७९ मध्ये अमेरिकन जीवशास्त्रज्ञ टॉमस लव्हजॉय यांनी ब्राझीलच्या अमेझॉन संशोधन संस्थेबरोबर तो सुरू केला. तेव्हा सरकार गुरांची कुरणं काढायला सवलती देत होतं, पण कायद्याने जमिनीचा निम्मा भाग जंगल म्हणून ठेवणं बंधनकारक होतं. लव्हजॉय यांनी जमीनमालकांना एवढंच विनवलं की ठेवायचं ते जंगल ठरावीक मापाच्या तुकड्यांत ठेवा: एक हेक्टर, दहा हेक्टर, शंभर हेक्टर. तोड होण्याआधी त्या तुकड्यांतली झाडं, पक्षी, कीटक मोजून ठेवले आणि नंतर काय होतं ते बघत राहिले. अजून बघताहेत.

मैत्रिणीच्या ओळखीने आणि रीतसर परवानगीने आम्ही एका तुकड्याच्या काठावर उभे होतो. सभोवतालचं कुरण सोडून दिल्यावर तिथे आता दुय्यम झाडी वाढली आहे, त्यामुळे सीमा पहिल्यासारखी ठळक नाही. पण आत पाऊल टाकलं की कळतं. जमिनीवर पडलेले मोठे बुंधे जास्त, वेलींची गर्दी जास्त, पाय टाकला की पाचोळा चुरचुरतो. अखंड रानात तो ओला असतो, आवाज करत नाही.

काठाचं ऊन आणि वारा शंभरेक मीटर आतपर्यंत शिरतो. अखंड रानात शेकडो वर्षं उभी राहिलेली थोर झाडंच त्याने आधी मरतात, कारण त्यांचे शेंडे सगळ्यात उंच आणि त्यांना बाजूच्या झाडांचा आडोसा उरलेला नसतो. अशा झाडांत साठलेला कार्बन सुटतो आणि त्यांच्या जागी झपाट्याने वाढणारी, हलक्या लाकडाची झाडं येतात. शंभर हेक्टर हा आकडा ऐकायला बरा वाटतो. पण तेवढ्या तुकड्यातूनही तळाच्या झाडोऱ्यात राहणाऱ्या पक्ष्यांच्या निम्म्या जाती पंधरा वर्षांच्या आत नाहीशा झाल्या. दोन तुकड्यांमधलं ऐंशी मीटरचं मोकळं अंतरसुद्धा त्यातले कित्येक पक्षी ओलांडत नाहीत. पंख आहेत, ताकद आहे, पण उघड्या उजेडात यायची त्यांच्या जातीला सवयच नाही.

मैत्रिणीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला रात्रभर सोडत नव्हती. इथल्या संशोधकांनी चाळीस वर्षं पक्षी जाळ्यात धरून, वजन करून, सोडून दिले आहेत. २०२१ मध्ये त्या नोंदी एकत्र करून बघितल्या तेव्हा दिसलं की अखंड, कुणी हात न लावलेल्या रानातल्या पक्ष्यांचंही वजन घटत चाललं आहे आणि अनेक जातींचे पंख लांबले आहेत. हवा तापली, कोरडा ऋतू आणखी कोरडा झाला, आणि ते या लहानशा शरीरांत उतरलं. म्हणजे कुऱ्हाड जिथे पोचली नाही तिथेही आपण पोचलेले आहोत.

लव्हजॉय २०२१ च्या डिसेंबरात गेले. त्याआधी, २०१८ मध्ये, त्यांनी आणि हवामानशास्त्रज्ञ कार्लोस नोब्रे यांनी मिळून एक इशारा दिला होता: अमेझॉनचं २० ते २५ टक्के जंगल गेलं तर पावसाचं हे चक्र मोडेल आणि पूर्व-दक्षिणेच्या मोठ्या भागात रानाची जागा विरळ, वाळकी झाडी घेईल. सध्या सतरा टक्क्यांच्या आसपास गेलेलं आहे.

गुरुवार, रानातला तळ

रात्र झुल्यात काढली. वर ताडपत्रीचं छप्पर, भिंती नाहीत. पहाटे तीनच्या सुमाराला लांबून वाऱ्यासारखा आवाज सुरू झाला आणि वाढत गेला. ती हाउलर माकडं होती. एकाने सुरू केलं की दुसऱ्या टोळीने उत्तर द्यायचं, असं उजाडेपर्यंत.

सकाळी लष्करी मुंग्या भेटल्या. आधी ऐकू आले ते पक्षी, एकाच जागी पाच-सहा प्रकारचे चिवचिवाट. मग पाचोळ्यावर बारीक सरसर. लाखो मुंग्यांची रुंद फळी पुढे सरकत होती आणि तिच्यापुढे झुरळं, कोळी, विंचू, नाकतोडे जिवाच्या आकांताने पळत होते. पक्षी मुंग्या खात नाहीत, पळणारे किडे टिपतात. मुंगीपक्ष्यांच्या काही जातींची तर गुजराण जवळजवळ याच फळीवर होते. त्यांच्या मागे पक्ष्यांच्या विष्ठेवर बसणारी फुलपाखरंही येतात. मुंग्यांच्या एका वसाहतीला कित्येक हेक्टर रान लागतं आणि पक्ष्यांना एका वसाहतीवर भागत नाही, कारण मुंग्या काही दिवस चालतात आणि काही आठवडे एकाच जागी थांबतात. म्हणून पक्ष्यांना अनेक वसाहती असलेलं विस्तीर्ण रान लागतं. कालच्या एक हेक्टरच्या तुकड्यात हे सगळं का संपलं, ते इथे डोळ्यांनी दिसलं.

आमच्याबरोबर स्थानिक वाटाड्या होता. झाडांची साल थोडी खरवडून, वास घेऊन तो त्यांची नावं सांगायचा. पानं चाळीस मीटर उंच, ती दिसत नाहीत, त्यामुळे ओळख वासावर. शास्त्रज्ञ इथे येतात तेव्हा अशा माणसांवाचून त्यांचं पानही हलत नाही, आणि संशोधनाच्या निबंधांत या माणसांना मिळणारी जागा फार थोडी असते.

दुपारी त्याने पाचोळा बाजूला सारून दाखवला. बोटभर कुजका थर, त्यात पांढऱ्या बुरशीच्या तंतूंनी विणलेली बारीक मुळांची चटई, आणि तिच्याखाली लगेच पिवळी चिकणमाती. एवढ्या हिरव्या वैभवाखाली सुपीक जमीन असणार असं वाटतं. ती नसते. कोट्यवधी वर्षांच्या पावसाने तिच्यातलं सत्त्व धुऊन नेलेलं आहे. सगळी संपत्ती झाडांच्या अंगात आणि या बोटभर थरात फिरत असते: पान पडतं, वाळवी आणि बुरशी ते फोडतात, मुळं ते जमिनीत मुरायच्या आत उचलतात. रिओ नेग्रोच्या वरच्या अंगाला व्हेनेझुएलात केलेल्या जुन्या प्रयोगात अशा मुळांच्या चटईवर फॉस्फरस टाकून पाहिला होता, तर जवळजवळ काहीच खाली निसटलं नाही. म्हणूनच रान जाळून शेत केलं की पहिली दोन-तीन वर्षं राखेवर पीक येतं, मग जमीन उताणी पडते. तरीही वाहून जाणारा फॉस्फरस थोडाफार भरून निघतो, आणि तो येतो आफ्रिकेतून. चाडमधल्या बोडेले या आटलेल्या सरोवराच्या तळाची धूळ वाऱ्यावर अटलांटिक ओलांडते. २०१५ मध्ये उपग्रहाच्या नोंदींवरून काढलेला अंदाज वर्षाला सुमारे २२,००० टन फॉस्फरसचा आहे. एका वाळवंटाच्या धुळीवर या रानाचं भागतं.

तळाकडे परतताना ब्राझील नटचं झाड लागलं, चार माणसांनी कवेत घ्यावं असा बुंधा. खाली गेल्या हंगामातली रिकामी कवचं पडलेली. फळ तोफगोळ्याएवढं आणि लाकडासारखं कठीण. ते फोडू शकणारे प्राणी इथे थोडेच, त्यात मुख्य अगूती, सशाएवढा कुरतडणारा प्राणी. तो आतल्या बिया काही खातो, काही पुरून ठेवतो, पुरलेल्यांतल्या काही विसरतो, आणि त्यांची झाडं होतात. फुलाला झाकण असतं, ते उचलायची ताकद फक्त मोठ्या, दणकट मधमाश्यांत असते. या माश्यांना वर्षभर इतर फुलं लागतात, म्हणजे आजूबाजूला रान लागतं. ब्राझीलमध्ये हे झाड तोडायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे कुरणांच्या मधोमध एकेकटी उभी असलेली झाडं दिसतात. कायदा पाळला गेलेला असतो, पण फळ धरत नाही. हजारो कुटुंबं मात्र आजही उभ्या रानातून या बिया वेचून पोट भरतात, आणि उभं रान राखायचं त्यांच्याइतकं रोकडं कारण दुसऱ्या कुणाकडे नाही.

शुक्रवार, पुन्हा मनाउस

परतीचा प्रवास आणि पाऊस. संध्याकाळी ऑपेराचं थिएटर बाहेरून पाहिलं. १८९६ मध्ये उघडलेली ही इमारत रबराच्या पैशावर उभी आहे, आणि त्या पैशामागे कर्जात अडकवलेले मजूर आणि गुलामासारखे राबवलेले आदिवासी आहेत. १८७६ मध्ये हेन्री विकम या इंग्रजाने रबराच्या सुमारे ७०,००० बिया इंग्लंडला नेल्या, त्यांतून उगवलेल्या रोपांवर आशियातले मळे उभे राहिले, आणि १९१२ नंतर इथली भरभराट बसली.

याच्या पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हेन्री फोर्डने १९२८ मध्ये तापाजोस नदीवर फोर्डलँडिया नावाने रबराचा मळा काढला आणि तो बुडाला. कारणं अनेक होती, पण झाडांना मारलं ते पानांवरच्या एका बुरशीने. रानात रबराची झाडं एकमेकांपासून लांब विखुरलेली असतात, मध्ये शेकडो दुसऱ्या जाती. बुरशीला एका झाडावरून दुसऱ्यावर पोचणं अवघड. ओळीत लावली तेव्हा तिला मोकळं रान मिळालं. वर्षावनात एकाच जातीची दोन झाडं शेजारी क्वचित दिसतात, त्यामागे हेच एक मोठं कारण आहे: प्रत्येक जातीचे शत्रू तिच्याच सावलीत दबा धरून असतात.

रबराचा चीक काढणाऱ्या गरीब लोकांनीच पुढे हे रान लढवलं. त्यांचा नेता शिको मेंडिस याला २२ डिसेंबर १९८८ रोजी शापुरी गावी घराच्या मागच्या दारात गोळ्या घातल्या. लोकांनी राहावं, चीक आणि फळं काढावीत, पण रान तोडू नये, अशा राखीव क्षेत्रांची त्याची मागणी त्यानंतर कायद्यात आली.

शनिवार, आनाविल्यानास

नोवो आइराओपासून होडीने बेटांत शिरलो. रिओ नेग्रोच्या पात्रात इथे चारशेच्या आसपास लांबट बेटं आहेत आणि यावेळी त्यांतली बहुतेक पाण्याखाली. नावाड्याने मोटर बंद केली, वल्हं घेतलं आणि आम्ही झाडांच्या शेंड्यांमधून जायला लागलो. डोक्याला फांद्या लागत होत्या. खाली काळ्या पाण्यात सात-आठ मीटर खोड बुडालेलं. वर्षातले कित्येक महिने या झाडांची मुळं प्राणवायूविना असतात. बरीचशी या काळात वाढ थांबवून तग धरतात. आणि नेमकी याच काळात अनेकांची फळं पिकतात.

टपकन आवाज आला. रबराच्या जातीतल्या एका झाडाचं फळ फुटून बी पाण्यात पडली होती. नावाडी म्हणाला, "थांबा, आता बघा." थोड्या वेळाने तिथेच पाणी ढवळलं. तांबाकी मासा. त्याचे दात माणसाच्या दाढांसारखे सपाट, बिया फोडण्यासाठी. पुष्कळ बिया तो चावतो, पण काही अखंड गिळतो आणि किलोमीटर-किलोमीटर लांब नेऊन टाकतो. मासा जितका मोठा तितक्या जास्त बिया जिवंत सुटतात, आणि मासेमारीत आधी मोठेच मासे जातात. नदीतला मासा कमी झाला की काठावरचं रानही हळूहळू बदलतं.

गुलाबी डॉल्फिन दिसले, दोन. यांच्या मानेचे मणके सुटे असल्यामुळे ते मान वळवू शकतात आणि बुडालेल्या झाडांतून मासे पकडतात. नावाड्याने गेल्या दुष्काळात उघड्या पडलेल्या वाळूच्या दांड्याची जागा दाखवली. आज तिथे वल्हं टेकत नव्हतं.

रविवार, इरांदुबा

दोन्ही नद्यांच्या मधल्या जिभेवर इरांदुबा आहे. इथे पाहायची होती ती काळी माती. गुरुवारी पाहिलेल्या पिवळ्या मातीशी तिचं काही नातं लागत नाही: काळीभोर, भुसभुशीत, कोळशाचे कण आणि खापरांचे तुकडे असलेली. कुठे कुठे हा थर मीटरभर जाड. पुरातत्त्वज्ञ एदुआर्दो गोएस नेवेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागात वर्षानुवर्षं उत्खनन केलं आहे. युरोपीय येण्याआधी शेकडो वर्षं इथे मोठ्या वस्त्या होत्या. चुलीचा कोळसा, माशांचे काटे, मलमूत्र, खापरं यांतून त्या लोकांनी ही माती घडवली आणि ती आजही सुपीक आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संपूर्ण खोऱ्यातल्या झाडांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा माणसाने माणसाळवलेल्या झाडांच्या जाती जुन्या वस्त्यांच्या जवळ जास्त आढळल्या. ब्राझील नट, कोको, रबर, आसाई नावाचा ताड यांचा त्यात समावेश आहे. म्हणजे ज्याला आपण माणसाचा हात न लागलेलं रान म्हणतो, त्यात हजारो वर्षांची मशागत आहे. माणूस आणि रान एकत्र नांदू शकत नाहीत, हे म्हणणं या मातीपुढे टिकत नाही. विष लावलेल्या बाणांसाठी वेलीपासून कुरारे बनवणारे लोकही याच खोऱ्यातले. १९४२ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये त्याच कुरारेने शस्त्रक्रियेत स्नायू सैल करायची सुरुवात झाली आणि भूलशास्त्र बदललं. ज्यांचं ते ज्ञान, त्यांच्या पदरात काय पडलं हा प्रश्न औषधशास्त्राने फारसा विचारलेला नाही.

इथल्या एका बाईंचं शेत पाहिलं. साठीच्या पुढच्या. काळ्या मातीत कसावा, पपई, मिरच्या, कडेने आसाईचे ताड आणि स्वतः लावलेली ब्राझील नटची रोपं. "याला फळं यायला वेळ लागेल," मी म्हणाले. "मी नाही खाणार," त्या म्हणाल्या, "पण लावलेलं कुणी तरी होतं म्हणून मी खाल्लं."

दुष्काळाचं विचारलं तेव्हा त्या तपशिलात शिरल्या. नदी कधी उतरणार यावर काठच्या गाळात काय आणि कधी पेरायचं ते ठरतं. दोन वर्षं ती ठरल्या वेळी उतरली नाही, उतरली तेव्हा थांबली नाही. धूर इतका, की दिवसा दिवे लावावे लागले. दक्षिणेला रान जळत होतं आणि त्यांच्या शेतावर पाऊस नव्हता, या दोन गोष्टींचा संबंध त्यांनी मला न विचारता जोडून दाखवला. सालातींची समस्थानिकं त्यांना ठाऊक असायचं कारण नाही.

त्यांना मी ब्राझीलच्याच अवकाश संस्थेचे आकडे सांगितले. ब्राझिलियन अमेझॉनमध्ये २००४ साली एका वर्षात २७,७७२ चौरस किलोमीटर रान तोडलं गेलं. उपग्रहाची नजर, दंड, कर्जबंदी आणि नवी राखीव क्षेत्रं यांनी २०१२ पर्यंत तो आकडा ४,५७१ वर आला. पकड सैल झाली तसा २०२१ मध्ये तो पुन्हा १३,०३८ झाला, आणि पकड घट्ट केल्यावर परत उतरला. तोड थांबवता येते, हे एकदा करून दाखवलेलं आहे. आणि ती सगळ्यात चांगली कुठे थांबते याचंही उत्तर आहे: उपग्रहांच्या नोंदींप्रमाणे ब्राझीलमध्ये १९९० पासूनच्या तीस वर्षांत आदिवासी भूमीतली नैसर्गिक झाडी जेमतेम एक टक्का घटली, खासगी जमिनींवरची वीस टक्क्यांहून अधिक.

बाईंनी ते ऐकून घेतलं आणि त्यांच्या जमिनीच्या कागदांबद्दल सांगायला लागल्या. अर्ज बऱ्याच वर्षांपूर्वी केलेला आहे. पलीकडची पट्टी कुणी तरी शहरातल्या माणसाने घेतली, तिथे आता विटांसाठी माती काढतात, तीच काळी माती. कागद हातात आला तर त्या आपली पट्टी विकणार नाहीत, आणि मुलीच्या नावावर करताना त्यात झाडांचीही नोंद घालणार आहेत. त्यासाठी दुसऱ्या दिवशी त्यांना बोटीने मनाउसच्या कचेरीत जायचं होतं, म्हणून त्यांनी आमच्याकडून मोटरबोटीची वेळ विचारून घेतली.